निवृत्तीनंतरचा पूरक आरोग्य विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी असेपर्यंत हॉस्पिटलचं बिल ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून जात असतं. निवृत्तीबरोबर ती पॉलिसी जाते. त्या वयात पाच-दहा लाखांची मोठी मूळ पॉलिसी घ्यायची तर हप्ता पेन्शनला झेपत नाही. अशा वेळी पूरक विम्याचा पर्याय पुढे येतो. तो स्वस्त का असतो आणि कुठे अडतो, हे सही करण्याआधी कळलेलं बरं. भारतातल्या सध्याच्या नियमांप्रमाणे ही उत्तरं दिली आहेत.

पूरक आरोग्य विमा म्हणजे नेमकं काय?

मूळ पॉलिसी पहिल्या रुपयापासून खर्च उचलते. पूरक पॉलिसी एका ठरलेल्या रकमेनंतरच उघडते. या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. मराठीत त्याला खर्चाचा उंबरठा म्हणता येईल. उंबरठ्याच्या अलीकडचा खर्च मूळ पॉलिसीतून भागवा, नाहीतर स्वतःच्या बँक खात्यातून भागवा, पूरक कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. छोटीमोठी बिलं तिच्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून तिचा हप्ता कमी असतो. कमी हप्ता पाहून अनेकांना संशय येतो, पण यात काही गौडबंगाल नाही.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फरक काय?

हे पूरक पॉलिसीचे दोन प्रकार. फरक फार मोठा आहे. नावं सारखी वाटतात म्हणून घोटाळा होतो.

टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळच्या बिलाने वेगवेगळा उंबरठा ओलांडावा लागतो. सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसी वर्षातल्या सगळ्या बिलांची बेरीज धरतात. समजा मूळ पॉलिसी ५ लाखांची आहे आणि डिडक्टिबलही ५ लाखांचं आहे. जूनमध्ये अँजिओप्लास्टी झाली, खर्च ४ लाख. डिसेंबरमध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, खर्च साडेतीन लाख. मूळ पॉलिसी आधी ४ लाख आणि मग उरलेला १ लाख देईल. राहिले अडीच लाख. टॉप-अप असेल तर त्यातलं काहीच मिळणार नाही, कारण दोन्हीपैकी एकही बिल पाच लाखांच्या वर गेलेलं नाही. सुपर टॉप-अप असेल तर साडेसात लाखांची बेरीज धरून अडीच लाख मिळतील.

उतारवयात एकाच वर्षात दोन-तीनदा दाखल व्हावं लागणं नवीन नाही. त्यामुळे निवृत्तांनी साधा टॉप-अप घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. माहितीपत्रकात ‘वार्षिक एकूण डिडक्टिबल’ असं लिहिलंय की ‘प्रत्येक क्लेमसाठी डिडक्टिबल’, एवढी एक ओळ शोधा.

डिडक्टिबल किती ठेवावं?

हा निर्णय सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

नेहमीची चूक अशी. चोपन्नाव्या वर्षी माणूस सुपर टॉप-अप घेतो. ऑफिसचं ५ लाखांचं कव्हर असतं, म्हणून डिडक्टिबलही ५ लाखांचं ठेवतो. साठाव्या वर्षी ऑफिसचं कव्हर जातं. सुपर टॉप-अपचा हप्ता तो नेमाने भरत राहतो आणि आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत असतो. पण आता पहिले पाच लाख भरणारं कुणी उरलेलं नसतं. पावणेचार लाखांचं बिल आलं तर पूरक पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही, आणि कंपनी नियमाला धरूनच नकार देते.

म्हणून डिडक्टिबल ठरवताना आज हातात काय आहे याचा विचार करू नका, निवृत्तीनंतर काय उरणार आहे ते बघा. स्वतःची ३ लाखांची मूळ पॉलिसी निवृत्तीनंतरही चालू राहणार असेल तर डिडक्टिबल ३ लाखांचं ठेवा. मूळ पॉलिसी मुळीच नसेल, तर एका वर्षात मुदत ठेव मोडून, कुणाकडे हात न पसरता जेवढी रक्कम उभी करता येईल तेवढंच डिडक्टिबल घ्या. डिडक्टिबल वाढवलं की हप्ता उतरतो, हे खरं. पण हप्त्यात वाचलेले पैसे आणि खिशावर आलेली जोखीम यांची तुलना कागदावर करून पाहा.

काही पॉलिसींत काही वर्षं सलग चालवल्यावर डिडक्टिबल कमी करण्याची किंवा काढून टाकण्याची सोय असते. अशी सोय झाली की तीच पॉलिसी मूळ पॉलिसीसारखी वागू लागते. त्याला वयाची आणि मुदतीची अट असते, ती घेतानाच लेखी पाहून ठेवा.

आणखी एक बारकावा. ‘२० लाखांचं कव्हर, ५ लाख डिडक्टिबल’ असं लिहिलेलं असतं तेव्हा पाच लाखांच्या वर वीस लाख मिळणार आहेत, की दोन्ही धरून एकूण वीस? वेगवेगळ्या पॉलिसींत वेगवेगळी रीत असते. एजंटला विचारा, आणि त्याने पॉलिसीच्या शब्दांत ते कुठे लिहिलंय तेही दाखवायला हवं.

मूळ पॉलिसी नसताना सुपर टॉप-अप घेता येतो का?

येतो. मूळ पॉलिसीची सक्ती नसते. ती वेगळ्या कंपनीची असली तरी चालते.

कधी घ्यावा? निवृत्तीनंतर घेतला तर चालणार नाही का?

चालतं. १ एप्रिल २०२४ पासून आरोग्य विमा घेण्यासाठीची ६५ वर्षांची जुनी मर्यादा नियमांत राहिलेली नाही. मात्र विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, दार उघडं ठेवलं म्हणून प्रत्येक कंपनी प्रत्येकाला आत घेईलच असं नाही. वैद्यकीय तपासणी होते, हप्त्यावर वाढीव भार लागतो, कधी प्रस्ताव परतही येतो.

खरी अडचण वेटिंग पिरियडची आहे. पहिले ३० दिवस अपघात सोडून कशाचाच क्लेम मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा, प्रोस्टेट, गुडघा बदलणं अशा ठरावीक यादीतल्या उपचारांसाठी साधारणपणे दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारांसाठी, उदाहरणार्थ बीपी किंवा शुगर आणि त्यातून उद्भवणारा त्रास, जास्तीत जास्त ३६ महिने. ही मर्यादा पूर्वी ४८ महिन्यांची होती, २०२४ मध्ये ती खाली आली. वरची यादी पुन्हा वाचा: साठीनंतर माणूस ज्या कारणांनी हॉस्पिटलात जातो, ती बहुतेक सगळी तिच्यात आहेत.

यावरून वेळ ठरते. निवृत्तीच्या किमान तीन वर्षं आधी पॉलिसी सुरू झालेली असावी. ऑफिसचं कव्हर आहे तोवर हा थांबण्याचा काळ अलगद निघून जातो, आणि शेवटच्या पगाराच्या दिवशी पॉलिसी पूर्ण कामाला आलेली असते. जास्तीचा हप्ता देऊन वेटिंग पिरियड कमी करून देणाऱ्या पॉलिसीही मिळतात. उशीर झालाच असेल तर त्या पाहाव्यात.

ऑफिसची ग्रुप पॉलिसी निवृत्तीनंतर चालू ठेवता येते का?

तशीच्या तशी बहुतेक ठिकाणी नाही. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये धरली जातात. कंपनी नव्याने तपासणी करू शकते, हप्ताही वैयक्तिक दराने लागतो. हे काम शेवटच्या दिवसानंतर करायचं नाही. दीड-दोन महिने आधी एचआरकडून ग्रुप पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचं नाव आणि तुम्ही कोणत्या तारखेपासून सदस्य आहात याचं पत्र घ्या, आणि विमा कंपनीला ईमेलने कळवा. फोनवर बोलणं झालं एवढ्यावर राहू नका.

बँकांसारख्या काही क्षेत्रांत निवृत्तांसाठी वेगळी ग्रुप पॉलिसी आणि तिच्यावर ऐच्छिक सुपर टॉप-अप असतो. तिथे पर्याय निवडण्याची मुदत ठरलेली असते, आणि ती चुकली की पुढच्या वेळेची वाट पाहावी लागते.

नवरा-बायकोने एकच फ्लोटर घ्यावा की दोन स्वतंत्र पॉलिसी?

फ्लोटर म्हणजे एकच विमा रक्कम घरातल्या सगळ्यांत मिळून. दोन्ही चालतं. पण मूळ आणि पूरक यांचा साचा जुळला पाहिजे. न जुळल्यास काय होतं ते पाहा.

मूळ पॉलिसी दोघांत मिळून ५ लाखांची फ्लोटर आहे. सुपर टॉप-अप मात्र दोघांचे वेगवेगळे, प्रत्येकी ५ लाख डिडक्टिबलचे. एका वर्षात नवऱ्याचा खर्च ४ लाख, बायकोचा ३ लाख. मूळ पॉलिसी दोघांचे मिळून ५ लाख देऊन संपली. उरलेले २ लाख कुणी द्यायचे? नवऱ्याच्या सुपर टॉप-अपच्या हिशेबात ४ लाखच झालेत, बायकोच्या हिशेबात ३ लाख. दोन्ही उंबरठे ओलांडले गेलेले नाहीत. २ लाख खिशातून.

हाच सुपर टॉप-अप फ्लोटर असता तर ७ लाखांची बेरीज होऊन २ लाख मिळाले असते. थोडक्यात, मूळ पॉलिसी फ्लोटर असेल तर पूरकही फ्लोटरच घ्या. मूळ पॉलिसी दोघांच्या स्वतंत्र असतील, तर पूरक फ्लोटर घेतल्याने डिडक्टिबलच्या हिशेबात नुकसान होत नाही. मात्र फ्लोटरचा हप्ता मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणून दोघांच्या वयात बरंच अंतर असेल तर दोन्ही आकडे मागवा.

दोन्ही पॉलिसींच्या तारखा वेगळ्या असल्या तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि हे कुणी आधी सांगत नाही. मूळ पॉलिसी एप्रिल ते मार्च, सुपर टॉप-अप ऑक्टोबर ते सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये ४ लाखांचं बिल झालं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा ४ लाखांचं. मूळ पॉलिसीसाठी दोन्ही एकाच वर्षात, म्हणून ती ५ लाख देऊन थांबली. सुपर टॉप-अपसाठी सप्टेंबरचं बिल मागच्या वर्षातलं. त्याच्या चालू वर्षात फक्त ४ लाख जमा झालेत, उंबरठा ५ लाखांचा. तीन लाख खिशातून गेले.

उपाय सोपा आहे. सुपर टॉप-अप घेताना सुरुवातीची तारीख मूळ पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या तारखेलाच मागा. आधीच वेगवेगळ्या तारखा असतील तर पुढच्या नूतनीकरणाला त्या जुळवता येतील का, हे कंपनीला विचारा. हे जमत नसेल तर निदान गुडघ्यासारखी ठरवून करायची शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यात करायची हे दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवून ठरवा.

उंबरठा मोजताना हॉस्पिटलचं पूर्ण बिल धरतात का?

नाही. पॉलिसीच्या नियमांत बसणारा खर्च तेवढाच धरतात. हातमोजे, मास्क, काही सुट्या वस्तू, नोंदणी शुल्क, सोबतच्या माणसाचं जेवण हे सहसा बाहेर जातं. आठ लाखांच्या बिलात असे पन्नास हजार निघाले, तर हिशेब साडेसात लाखांवर होतो.

खोलीच्या भाड्याचा फटका मात्र याहून कितीतरी मोठा असतो, आणि निवृत्त दांपत्यांना तो हमखास बसतो. मूळ पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज ५,००० रुपये आहे. नातेवाइकांनी घाईत ८,००० ची खोली घेतली. पाच दिवसांचा फरक १५,०००, तो आपण भरू, असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात कंपनी पाच-अष्टमांश, म्हणजे ६२.५ टक्के, हे प्रमाण खोलीशी जोडलेल्या सगळ्या खर्चाला लावते. खोलीचे ४०,००० होते, मंजूर २५,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,६०,००० होते, मंजूर १,००,०००. औषधं, स्टेंटसारखी उपकरणं आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, त्यांचे २,००,००० पूर्ण मंजूर. चार लाखांच्या बिलात ७५,००० खिशातून गेले, १५,००० नव्हे. ज्या हॉस्पिटलात खोलीनुसार बाकीचे दर बदलत नाहीत तिथे अशी प्रमाणात कपात करता येत नाही, म्हणून बिलिंग विभागाला तेवढं विचारून घ्या.

हे ७५,००० पूरक पॉलिसी भरून देईल का? उंबरठा ओलांडलेला नसेल तर नाही. ओलांडला असेल तर पूरक कंपनी स्वतःच्या अटींनी बिल पुन्हा तपासते. तिच्याकडे खोलीची मर्यादा नसेल तर तिच्या हिशेबात बिल पूर्ण चार लाख धरलं जातं. म्हणून सुपर टॉप-अप निवडताना खोलीची मर्यादा नसलेलाच घ्या.

को-पे म्हणजे काय? तो पूरक पॉलिसीतही असतो का?

मंजूर झालेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा तुम्ही भरायचा, हा को-पे. ज्येष्ठांच्या पॉलिसींत १० ते २० टक्के सर्रास दिसतो, काहींत त्याहून जास्त. काही सुपर टॉप-अपमध्येही तो ठरावीक वयानंतर लागू होतो. दहा लाखांच्या क्लेमवर २० टक्के म्हणजे दोन लाख, हे लक्षात घेऊनच हप्त्यांची तुलना करा. को-पेमुळे हप्ता कमी दिसतो, तेवढंच.

रकमेच्या उपमर्यादाही तपासा. उदाहरणार्थ, ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ५ टक्के को-पे आहे, आणि मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये यांतलं जे कमी असेल तेवढंच मिळतं.

बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन हे सगळं लिहावंच लागतं का?

हो, सगळं. ‘गोळीने कंट्रोलमध्ये आहे’ म्हणून रकाना रिकामा सोडणं हीच क्लेम नाकारला जाण्याची मोठी वाट आहे. दाखल होताना डॉक्टर केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून शुगर’ असं लिहितात, आणि कंपनी नेमका तोच कागद मागते. एजंटने फॉर्म भरला असला तरी खाली सही तुमची असते. भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या आणि शांतपणे वाचा. काही चुकलं असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लूक काळ असतो, त्यात दुरुस्ती मागता येते किंवा पॉलिसी परत करता येते.

सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली या कारणाने कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता. मधे विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागासाठी मोजणी नव्याने सुरू होते.

दोन कंपन्या असतील तर क्लेम कसा करायचा?

दाखल होतानाच दोन्हीकडे कळवा. खर्च उंबरठ्याच्या वर जाणार नाही असं वाटत असलं तरी सुपर टॉप-अप कंपनीलाही कळवून तिच्याकडून नोंद क्रमांक घ्या. तातडीने दाखल व्हावं लागलं तर साधारण २४ तासांत कळवण्याची अट असते, नेमकी मुदत पॉलिसीत असते. पुढे आयसीयूचे दिवस वाढले आणि खर्च वर गेला, तर ‘उशिरा कळवलं’ हा वाद उरत नाही. पहिला क्लेम छोटा असला आणि मूळ कंपनीनेच पूर्ण दिला, तरी त्याची कागदपत्रं सुपर टॉप-अपसाठी जपून ठेवा. वर्षाच्या बेरजेत तोच पहिला आकडा असतो.

कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरण्याची, विनंती हॉस्पिटलच्या विमा डेस्कवरून मूळ कंपनीला जाते. तिने एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा आयआरडीएआयचा नियम आहे. तीन तासांपेक्षा उशीर झाल्याने हॉस्पिटलने जास्तीचं भाडं लावलं, तर ते कंपनीने सोसायचं असतं. मूळ रक्कम संपत आली की तिचं मंजुरीपत्र जोडून दुसऱ्या कंपनीकडे कॅशलेस मागायचं. हॉस्पिटल दुसऱ्या कंपनीच्या यादीत नसेल तर तेवढा भाग आधी भरून नंतर मागावा लागू शकतो, म्हणून घराजवळची दोन-तीन हॉस्पिटलं दोन्ही याद्यांत आहेत का ते आजच पाहा.

परताव्याने, म्हणजे आधी स्वतः बिल भरून, क्लेम करताना मूळ कागद पहिल्या कंपनीकडे जातात. तिच्याकडून सेटलमेंट पत्र आणि साक्षांकित प्रती मागून घ्या. सेटलमेंट पत्रात किती मागितलं, किती मंजूर झालं आणि कोणत्या कारणाने किती कापलं हे आलं पाहिजे. नुसती ‘रक्कम जमा’ अशी ओळ दुसऱ्या कंपनीला पुरत नाही. त्याबरोबर डिस्चार्ज समरी, तपशीलवार अंतिम बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, बसवलेल्या इम्प्लांटचं स्टिकर आणि बिल, रद्द केलेला चेक. पहिल्या कंपनीला पाठवण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो नव्हे, नीट स्कॅन करून ठेवा. थर्मल कागदावरच्या पावत्या कालांतराने पांढऱ्या होतात.

२०२४ च्या नियमांनुसार, एकाहून अधिक पॉलिसी असताना पहिला क्लेम कुठे करायचा हे तुम्ही ठरवता, आणि उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीशी समन्वय साधणं हे पहिल्या कंपनीचं काम आहे. तसं लेखी मागा, पण आपले कागद आपल्याकडे असू द्या.

दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या असाव्यात का?

असल्या तर कागदपत्रांची धावपळ कमी होते, तारखा जुळवणंही सोपं जातं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्यांसाठी ही सोय थोडा जास्त हप्ता देण्याइतकी मोलाची आहे. बाकीच्यांनी अटी बघून ठरवावं.

आयुष्मान भारतचं ७० वर्षांवरील कार्ड मिळालं, मग पूरक विमा कशाला?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरील सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. वय आधार कार्डावरून धरतात, वेटिंग पिरियड नाही. खासगी विमा असलेल्यांनाही हे कार्ड मिळतं. काढून ठेवाच.

पण मर्यादा समजून घ्या. घरात सत्तरीवरचे दोघं असतील तर ५ लाख दोघांत मिळून आहेत. उपचार योजनेत नोंदलेल्या हॉस्पिटलातच आणि ठरलेल्या पॅकेजनुसार होतात. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं हॉस्पिटल त्यात नसेल तर कार्ड तिथे चालणार नाही. या पाच लाखांवर सुपर टॉप-अपचं डिडक्टिबल बेतणंही योग्य नाही, कारण एकाच वेळच्या उपचारात योजनेचं पॅकेज आणि खासगी विम्याचं बिल जोडणं व्यवहारात जमत नाही. कार्ड हा एक स्वतंत्र रस्ता समजा.

सीजीएचएस, ईसीएचएस किंवा ईएसआयसी असेल तर?

केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस आणि माजी सैनिकांना ईसीएचएस या सरकारी आरोग्य योजना भक्कम आधार देतात. त्यांना ७० वर्षांवरील आयुष्मान योजना हवी असेल तर दोन्हीपैकी एक निवडावी लागते. सीजीएचएसचे दर आणि हॉस्पिटलचं बिल यांत तफावत पडते तिथे खासगी पॉलिसी उपयोगी ठरते. मोठ्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप अशांना पुरतो.

ईएसआयसीबद्दल, म्हणजे कामगार विमा योजनेबद्दल, अनेकांना माहीतच नसतं: किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. जवळच्या शाखेत निवृत्तीचा पुरावा घेऊन अर्ज करावा लागतो.

हॉस्पिटल कॅश आणि गंभीर आजाराची पॉलिसी याही पूरकच ना?

पूरकच, पण वेगळ्या जातीच्या. हॉस्पिटल कॅश बिल न पाहता दिवसाला ठरलेली रक्कम देते, सहसा पहिले २४ तास सोडून आणि वर्षात ठरावीक दिवसांपर्यंत. प्रवास, अटेंडंट, विम्यात न बसणाऱ्या वस्तू यांसाठी तिचा उपयोग होतो. गंभीर आजाराची पॉलिसी निदान झाल्यावर एकरकमी पैसे देते, पण यादीत लिहिलेल्या टप्प्यावरचाच आजार धरते आणि बहुतेक वेळा निदानानंतर ३० दिवस हयात असण्याची अट घालते. साठीनंतर ती महाग पडते. पैसे मर्यादित असतील तर ते आधी सुपर टॉप-अपमध्ये घाला.

हप्ता दरवर्षी वाढतच जाणार का? करात काही सूट मिळते का?

वय आणि वैद्यकीय खर्च वाढला की हप्ता वाढतो. मात्र ३० जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आयआरडीएआयशी आधी सल्लामसलत करावी लागते. तुमची वाढ त्याहून जास्त असेल तर कारण लेखी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला आहे, सुपर टॉप-अपसह. ग्रुप पॉलिसीला ही माफी नाही.

जुन्या करप्रणालीत ६० वर्षांवरील व्यक्तीला आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मूळ आणि पूरक दोन्ही हप्ते त्यात येतात. हप्ता रोखीने भरला तर वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, त्यामुळे केवळ कर वाचवण्यासाठी म्हणून पॉलिसी घेत असाल तर आधी आपली करप्रणाली तपासा.

कंपनी बदलायची असेल तर?

नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज नव्या कंपनीकडे द्या. पूर्ण झालेला वेटिंग पिरियड जुन्या विमा रकमेपुरता पुढे धरला जातो. नवी कंपनी नकार देऊ शकते, म्हणून तिचं होकाराचं पत्र येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही.

हप्ता भरायची तारीख चुकली तर?

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. त्यात भरला तर वेटिंग पिरियडची वर्षं वाचतात, पण मधल्या दिवसांत दाखल व्हावं लागलं तर तो खर्च मिळेल असं धरू नका. ऑफिसचा ईमेल आणि जुना मोबाइल क्रमांक पॉलिसीत तसाच राहिल्याने आठवण आलीच नाही, असं निवृत्तांच्या बाबतीत वारंवार घडतं. निवृत्तीच्या महिन्यात दोन्ही बदलून घ्या.

क्लेम नाकारला तर कुठे जायचं?

आधी नकाराचं पत्र नीट वाचा. त्यात पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नकार दिला हे लिहिलेलं असावं लागतं, आणि कंपनीच्या क्लेम परीक्षण समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. कलम लिहिलेलं नसेल तर तेच पहिलं उत्तर म्हणून मागा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक ठेवा. आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात लोकपाल कार्यालयं आहेत, तक्रार ऑनलाइनही करता येते. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज झाला पाहिजे.

सुपर टॉप-अपच्या तक्रारीत वाद बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर असतो: उंबरठा ओलांडला की नाही. त्यामुळे अर्जासोबत एक साधा तक्ता जोडा. पॉलिसी वर्षात प्रत्येक वेळी दाखल झाल्याची तारीख, एकूण बिल, मूळ कंपनीने मंजूर केलेली रक्कम, कापलेली रक्कम आणि कारण, शेवटी बेरीज. प्रत्येक ओळीसमोर सेटलमेंट पत्राचा क्रमांक लिहा आणि ती पत्रं त्याच क्रमाने मागे लावा.